जाळे कुठे आहे ते आधी पाहा : झाडांवर जाळी करणाऱ्या अळ्यांचा बंदोबस्त

झाडावर पांढरे जाळे दिसले की हात थेट फवारणी पंपाकडे जातो, आणि बऱ्याचदा ती फवारणी फुकट जाते. रेशमाच्या दाट थरातून पाणी आत शिरत नाही, थेंब वरच्यावर घरंगळून जातात. आत बसलेल्या अळीला ओलसुद्धा लागत नाही. कधी कधी तर अळी त्या जाळ्यात नसतेच, ती वरच्या फांदीवर पाने खात असते.

म्हणून औषध कोणते मारायचे हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी शोधा : ही अळी राहते कुठे आणि खाते कुठे? काही अळ्या जाळ्यात फक्त मुक्काम करतात आणि खायला बाहेर पडतात. काही जाळ्याच्या आतच खातात, आतली पाने संपली की जाळे पुढे वाढवतात. काही जणी पाच-दहा पाने एकमेकांना चिकटवून त्या गुंत्यात बसतात. काहींचे जाळे पानांवर नसतेच, ते सालीवर असते. या चार तऱ्हांना चार वेगळे उपाय आहेत. एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही.

जाळे ओळखणे

फांद्यांच्या बेचक्यात, म्हणजे दोन-तीन फांद्या फुटतात त्या कोपऱ्यात, तंबूसारखे घट्ट पांढरे जाळे असेल आणि ते कोवळी पालवी फुटण्याच्या सुमारास दिसू लागले असेल, तर ती तंबू अळी, म्हणजे मॅलॅकोसोमा या प्रजातीतली. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात रानचेरी, सफरचंद आणि प्लमवर मॅलॅकोसोमा अमेरिकॅनम असते. युरोप-आशियात मॅलॅकोसोमा न्यूस्ट्रिया आढळते, तर हिमालयातल्या सफरचंदावर मॅलॅकोसोमा इंडिकम. तंबूच्या आत पाने नसतात, ही या गटाची खूण. आत कात आणि लेंड्या सापडतात.

फांदीच्या टोकाला सैल, विस्कटलेले जाळे असेल आणि पाने त्याच्या आतच अडकून तपकिरी पडली असतील, तर ती हायफॅन्ट्रिया क्युनिआ. इंग्रजीत तिला फॉल वेबवर्म (‘फॉल’ म्हणजे पानगळीचा ऋतू) म्हणतात, कारण तिची मोठी जाळी उन्हाळा सरताना नजरेत भरतात. ही मूळची उत्तर अमेरिकेची. १९४० मध्ये ती हंगेरीत सापडली, १९४५ मध्ये जपानमध्ये आणि १९७९ मध्ये चीनमध्ये. शेकडो जातींच्या झाडांवर ती जगते. तुतीवर तर विशेष.

आंब्याच्या शेंड्याला पानांचा वाळका, तपकिरी झुबका लटकत असेल आणि तो उलगडताना पाने धाग्यांनी चिकटलेली दिसली, तर ती ऑर्थागा, आंब्यावरची जाळी करणारी अळी. चिकूवर असाच, पण लहान झुबका करणारी गुलाबीसर अळी वेगळी असते. तिच्या पाठीवर तपकिरी रेघा असतात, आणि ती कळ्या व कोवळी फळेही पोखरते.

खोडावर किंवा जाड फांदीवर भुशासारख्या लेंड्या आणि धागे यांची तपकिरी पट्टी चिकटलेली असेल, तर ती साल खाणारी अळी, इंडरबेला.

पाने गळलेल्या झाडाच्या टोकांना हिवाळ्यात घट्ट राखाडी-पांढरी गाठ दिसली तर मात्र सावध व्हा. युरोपात फळझाडांवर आणि ओकवर ब्राऊन-टेल नावाच्या पतंगाच्या अळ्या अशा गाठीत हिवाळा काढतात. त्यांचे केस त्वचेला आणि श्वासाला फार त्रास देतात, जुन्या रिकाम्या घरट्यातले केससुद्धा. अशी गाठ उघड्या हाताने काढू नका.

फसवणारी जाळीही असतात. पाने शिवून केलेला गोळा हिरवागार असेल आणि हात लावताच तांबड्या मुंग्या बाहेर येत असतील, तर ते मुंग्यांचे घर. या मुंग्या अळ्यांची शिकार करतात, त्यांना हात लावू नका. दमट हवेत खोड आणि फांद्यांवर तलम चमकदार पांढरी चादर पसरलेली दिसते, तीही घाबरण्यासारखी नाही. ती सालीवरचे शेवाळ, बुरशी आणि दगडफूल खाणाऱ्या बारीक किड्यांची. झाडाला त्यांचा काही त्रास नाही. आणि जाळ्यात लेंड्या, कात, कुरतडलेली पाने यांपैकी काहीच नसेल तर ते कोळ्याचे जाळे, ते राहू द्या.

उपाय करायचा का?

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. मोठ्या, निरोगी, पानगळी झाडाची पाने हंगामाच्या सुरुवातीला खाल्ली गेली तरी दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते. हंगाम संपत आला असताना गेलेल्या पानांचे नुकसान त्याहून कमी, कारण झाडाने अन्न साठवून झालेले असते आणि पुढच्या वर्षीचे डोळे तयार असतात. सावलीच्या मोठ्या झाडाच्या टोकाला आलेली फॉल वेबवर्मची चार जाळी दिसायला वाईट दिसतात, पण त्यांच्यासाठी शिडी लावून जीव धोक्यात घालू नये.

याउलट झाड तीन-चार वर्षांहून लहान असेल, नुकते लावलेले असेल, लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाने गमावत असेल किंवा पाण्याच्या ताणात असेल, तर एक जाळेही ठेवू नका. आंब्याचे गणित तर वेगळेच. त्याचा मोहर पक्व झालेल्या काड्यांच्या शेंड्यांवर येतो. शेंडाच जाळ्यात वाळला तर त्या काडीचा मोहर गेला.

उपायाआधी अळ्या नीट पाहा. केसाळ अळीच्या डोक्यामागे पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके चिकटलेले असतील, तर ती परजीवी माशीची अंडी. ती अळी मरणारच आहे. फांदीवर उलट्या ‘व्ही’च्या आकारात लोंबणाऱ्या, मऊ पडलेल्या अळ्या विषाणूने मेलेल्या असतात. त्या फुटल्या की रोग इतर अळ्यांत पसरतो, म्हणून त्या काढू नका. अशा अळ्या बऱ्याच दिसत असतील तर फवारणी थांबवा. काम आधीच सुरू झालेले आहे.

तंबू अळी : घरी असताना गाठा

अमेरिकन तंबू अळीची मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळीभोवती १५० ते ४०० अंड्यांचे कडे घालते. वरून वार्निश लावल्यासारखा चकचकीत, काळपट तपकिरी लेप असतो. सुमारे तीन आठवड्यांत अंड्यात अळी तयार होते, पण ती बाहेर येत नाही. पुढचा वसंत येईपर्यंत आतच थांबते आणि डोळे फुटू लागले की निघते. म्हणजे हे कडे झाडावर आठ-नऊ महिने स्थिर असते. पाने गळल्यावर झाडाभोवती एक फेरी मारली तर तीनशे अळ्या एका डहाळीसोबत जातात. याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय नाही.

१. पानगळ झाल्यावर, उजेड तिरपा असताना बारीक डहाळ्या तपासा. लेपावर प्रकाश चमकतो, त्यामुळे कडे लवकर दिसते.
२. डहाळी बिनकामाची असेल तर कड्याखाली बोटभर सोडून कापा. फळधारणेची असेल तर नखाने किंवा बोथट सुरीने कडे खरवडून काढा, साल सोलू नका.
३. काढलेली कडी झाडाखाली टाकू नका. जमिनीवरही अळ्या निघतात. ती चिरडा किंवा झाडांपासून दूर जाळा.

कडी राहून गेली आणि तंबू दिसू लागला, तर पहिल्या आठवड्यातच हात घाला. तेव्हा तंबू मुठीएवढा असतो. या अळ्या दिवसातून साधारण तीनदा, पहाटे, दुपारी आणि सूर्यास्तानंतर, ओळीने खायला जातात आणि पोटाच्या टोकाने फांदीवर वास लावत जातात, म्हणजे परतीची वाट सापडते. मधल्या वेळात त्या घरी असतात. थंड किंवा पावसाळी हवेत तर दिवसभर आतच.

सकाळी, ऊन चढण्याआधी, आधी निरखा : तंबूवर किंवा आत अळ्यांचा पुंजका दिसतो का? दिसला तरच पुढे जा. लांब काठीच्या टोकाला चार-पाच खिळे आडवे ठोकून घ्या. काठी तंबूत खुपसा आणि सूत गुंडाळावे तशी फिरवा. जाळे अळ्यांसकट काठीला गुंडाळले जाते. बादलीत दहा लिटर पाणी आणि दोन-तीन चमचे पातळ साबण आधीच तयार ठेवा, गोळा त्यात बुडवा आणि रात्रभर राहू द्या. साबण विसरू नका. नुसत्या पाण्यावर केसाळ अळ्या तरंगतात आणि काठावर चढून निघून जातात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. बाहेर राहिलेल्या अळ्या त्याच बेचक्यात नवे जाळे विणायला येतात.

तंबू पेटवू नका. रॉकेलचा बोळा काठीला बांधून जाळे जाळण्याची सवय बऱ्याच जणांना असते. आगीने अळ्या खाली पडून वाचतात आणि बेचक्यातली साल भाजते. सालीखालचा जिवंत थर एकदा मेला की ती जखम वर्षानुवर्षे भरत नाही. अळीने खाल्लेली पाने महिन्यात परत येतात.

पूर्ण वाढलेली अळी पाच सेंटिमीटरची असते, पाठीवर सलग पांढरी रेघ. चार ते सहा आठवड्यांनी या अळ्या तंबू सोडून भिंती, कुंपण, जमीन अशा सगळीकडे फिरू लागतात. तेव्हा फवारणी करू नका. त्यांचे खाणे संपलेले असते आणि त्या कोषासाठी जागा शोधत असतात. या काळात गाभण घोडी मात्र त्या झाडांखाली चरायला सोडू नका. २००१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घोड्यांचे मोठ्या प्रमाणावर गर्भपात झाले. त्याचा संबंध घोड्यांनी चरताना गवताबरोबर गिळलेल्या याच अळ्यांशी जोडला गेला.

फॉल वेबवर्म : जाळ्याच्या पुढची पाने धरा

ही अळी जाळ्याबाहेर खायला येत नाही. पानाखाली काही शेकडा अंडी असतात, मादीच्या अंगावरच्या केसांनी झाकलेली. त्यातून निघालेल्या अळ्या पहिल्या दिवसापासून पानाभोवती धागे विणतात आणि आत बसून पानाचा हिरवा भाग खरवडतात. शिरा तेवढ्या उरतात. पाने संपली की शेजारची डहाळी जाळ्यात ओढली जाते. शेवटच्या अवस्थेत त्या जाळे सोडून एकेकट्या पसरतात आणि मग काहीच करता येत नाही. म्हणून जाळे एका-दोन पानांचे असताना ते पान तोडणे सर्वात सोपे.

जाळे हातभर झाले असेल तर दोन वाटा. डहाळी छोटी असेल तर जाळ्याच्या मागे कापून सरळ पिशवीत घ्या. कापताना हिसका दिलात तर अळ्या धाग्यावरून खाली उतरतात. पिशवी आधी खालून चढवायची, मग कापायचे. डहाळी मोठी असेल तर कापू नका. लांब काठीने जाळे दोन-तीन ठिकाणी फाडा. एवढ्यानेच पक्षी आणि गांधीलमाश्या आत शिरतात आणि उरलेले काम करतात.

फवारायचेच असेल तर जाळ्यावर मारू नका. जाळ्याच्या कडेपासून पुढची हातभर हिरवी पाने वरून-खालून ओली करा. येत्या दोन-तीन दिवसांत अळ्या तीच पाने जाळ्यात ओढणार आहेत, म्हणजे औषध त्या स्वतःच घरात नेतील.

पूर्ण वाढलेल्या अळ्या खोडावरून उतरून पालापाचोळ्यात आणि सालीच्या फटीत कोष करतात. त्या उतरू लागल्या की खोडाला छातीच्या उंचीवर पेंढ्याचा किंवा गोणपाटाचा जाडसर पट्टा बांधा, वरचा भाग सैल आणि खालचा घट्ट. अळ्या त्यात कोष करतात. दर आठवड्याला पट्टा सोडून कोष काढा. ते बारीक जाळीच्या पेटीत ठेवले तर आणखी चांगले. कोषावर वाढणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या जाळीतून निघून बागेत परततात, पतंग मात्र आत अडकतात. चीनमध्ये अशीच एक परजीवी गांधीलमाशी, चौइओइया क्युनिआ, मुद्दाम वाढवून सोडली जाते.

आंब्यावरची जाळी करणारी अळी

इथे फवारणीचा भरवसा सर्वात कमी, आणि छाटणीचा सर्वात जास्त. ही अळी दाट, जुन्या, फांद्या एकमेकींत गेलेल्या बागेत फोफावते. उन्हाची तिरीप आत पोचते अशा झाडावर ती कमी दिसते. तिचा जोर साधारण जुलैपासून डिसेंबरपर्यंत. लहान अळ्या एकत्र राहून पानाचा पृष्ठभाग खरवडतात. मोठ्या झाल्या की शेंड्याची पाने एकमेकांना चिकटवतात आणि कडेपासून खात मधली शीर तेवढी शिल्लक ठेवतात. एका झुबक्यात अनेक अळ्या सापडतात. झुबका हलवला की त्या चपळाईने सरकतात आणि खाली पडतात.

कामाचा क्रम असा ठेवा. फळे उतरवल्यावर लगेच छाटणी करा : वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि मधोमध उभ्या वाढलेल्या फांद्या काढा, म्हणजे झाडाच्या पोटात उजेड जाईल. अंगठ्याहून जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. जुलैपासून दर पंधरा दिवसांनी बागेतून फिरा आणि हिरव्या पानांत एखाद-दुसरे वाळके, चिकटलेले पान दिसते का ते पाहा. आकडी लावलेल्या बांबूने झुबका पिळून तोडा. तोडताना खाली जुनी चादर किंवा ताडपत्री पसरा, कारण पडलेल्या अळ्या पुन्हा खोडावर चढतात. तोडलेले झुबके त्याच दिवशी जाळा किंवा खोल खड्ड्यात पुरा. बांधावर ढीग घातला तर झुबक्यातले कोष तिथेच फुटतात. बहुतेक बागांत नेमके हेच चुकते, आणि मग दोष औषधाला दिला जातो.

झुबके काढून झाल्यावर फवारणीला अर्थ येतो, कारण आता औषध पानापर्यंत पोचते. लहान अळ्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी आहे. पाच किलो निंबोळीच्या गराची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी वापरा. बुरशी आलेल्या किंवा वर्षाहून जुन्या निंबोळ्या घेऊ नका. मोहर उमलल्यावर फवारणी नको, परागीभवन करणाऱ्या माश्यांना अपाय होऊ शकतो.

शेवटच्या पिढीतल्या अळ्या डिसेंबर-जानेवारीत जमिनीत उतरून कोष करतात. तेव्हा झाडाच्या घेराखालची माती वरवर हलवून उलटा. कोष उघडे पडतात, पक्षी वेचतात, उन्हाने वाळतात. खोल नांगरट नको, आंब्याची पोषणाची मुळे वरच्या थरात असतात.

साल खाणारी अळी

हिची पट्टी दिसते, अळी दिसत नाही. ती दिवसा खोडातल्या भोकात असते आणि रात्री पट्टीच्या आडोशाने साल खाते. वर्षात एकच पिढी, पण अळी नऊ-दहा महिने खात राहते. पेरू, आंबा, लिंबूवर्गीय झाडे, बोर, जांभूळ, डाळिंब, शेवगा यांवर ती सापडते, विशेषतः दुर्लक्षित जुन्या झाडांवर.

ताठ ब्रशने पट्टी पूर्ण झाडून काढा. भोक बेचक्याजवळ सापडेल. त्यात सायकलच्या स्पोकसारखी लवचिक तार जाईल तितकी घाला, फिरवा आणि ओढून काढा. टोकाला ओल लागली तर अळी मेली. तार वळणाशी अडली तर कापसाचा छोटा बोळा रॉकेलमध्ये भिजवून, पिळून आत सारा आणि भोक ओल्या चिकणमातीने बुजवा. रॉकेल ओतू नका, लाकूड मरते. आठ दिवसांनी पुन्हा पाहा : माती फोडून नवी भुशी आली असेल तर अळी जिवंत आहे, सगळे पुन्हा करा. नुसती पट्टी झाडून भोक सोडले, तर काही रात्रींत नवी पट्टी तयार होते.

बीटी वापरताना

पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची, म्हणजे बीटीची, कुर्स्टाकी जात हे सर्वात सोयीचे औषध. ते अंगावर पडून मारत नाही, पोटात जावे लागते. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्याचे स्फटिक विरघळतात, आतड्याला छिद्रे पडतात, काही तासांत खाणे थांबते आणि दोन ते पाच दिवसांत अळी मरते. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून पुन्हा फवारू नका. पाने आणखी कमी होतायत का, ते पाहा.

मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणे घ्या. बऱ्याच पावडरींची ती लिटरला एक ते दोन ग्रॅम असते. पावडर आधी वाटीभर पाण्यात कालवा, मग टाकीत घाला. लिटरला अर्धा मिली चिकटद्रव्य मिसळा, नाहीतर गुळगुळीत पानावर थेंब टिकत नाही. संध्याकाळी फवारा, कारण उन्हात बीटी दोन-चार दिवसांत निकामी होते, आणि पावसाआधी फवारू नका. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान अळ्यांवर ते छान चालते, मोठ्यांवर फारसे नाही. मिसळलेले द्रावण उद्यासाठी ठेवू नका.

एक ताकीद मात्र काटेकोर पाळा. हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना सापडला तो मेलेल्या रेशीम अळ्यांत. बीटी मधमाश्यांना आणि माणसांना त्रास देत नाही, पण फुलपाखरू-पतंगांच्या सगळ्या अळ्यांना मारते. जवळपास रेशीम उद्योगासाठी तुती असेल तर बीटी वापरूच नका. तिथे तुतीवरची जाळी हातानेच काढायची.

केसाळ अळ्यांचे जाळे कोणत्याही पद्धतीने काढताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला. काढण्याआधी जाळे पाण्याने भिजवा, म्हणजे केस उडणार नाहीत. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि कपडे इतरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

पाने गमावलेल्या झाडाला घेराच्या कडेने सावकाश, खोलवर पाणी द्या आणि आच्छादन घाला. लगेच भरपूर युरिया देऊ नका. त्याने लुसलुशीत फूट येते, आणि फॉल वेबवर्म किंवा ऑर्थागासारख्या अळ्यांची पुढची पिढी त्याच पालवीवर वाढते.